सातव्या नंबरचा वाटा

तिमिशोआरा, ३ मे २०१२

रावेका,

पाकिटावरचं अक्षर बघून तुझ्या छातीत धस्स झालं असेल. घाबरू नकोस, मी मेलेले नाही. मेले असते तर पत्ता एवढ्या नीट अक्षरात लिहिला नसता.

काम साधं आहे. आमच्या बेकरीच्या दारावर तुमचा कागद चिकटवलाय. ‘लुंकाच्या शेतातला वाटा, मे ते नोव्हेंबर, दर गुरुवारी एक पेटी, फवारे नाहीत, पावडरी नाहीत.’ खाली एक टोमॅटो काढलाय. तो तुझ्या नवऱ्याने काढलाय हे मी रस्त्याच्या पलीकडून ओळखलं. लहानपणीही त्याचा टोमॅटो बटाट्यासारखाच यायचा. मी त्याची मोठी बहीण आहे, त्याच्या वह्या मीच तपासायचे.

तर मला एक वाटा हवाय. यातून काही अर्थ काढू नकोस. सहा वर्षं मी त्रायानशी बोललेले नाही आणि पुढेही बोलायचा विचार नाही. बाबा अंथरुणाला खिळलेले असताना त्याने त्यांची आलुबुखारची चाळीस झाडं मुळासकट काढली. मी सप्टेंबरात गावी आले, तर बागेच्या जागी नुसती उकरलेली माती. का, म्हणून विचारलं तर तोंडातून चकार शब्द नाही. ते मी विसरलेले नाही. पण इथल्या बाजारातल्या टोमॅटोला ओल्या पुठ्ठ्याची चव असते, आणि चाळीस वर्षं औषधाच्या दुकानात काढल्यावर मला आता डबीतलं काहीही पोटात घालायचं नाही. एवढंच कारण.

अट एकच. त्याला कळता कामा नये. फोन करू नकोस. डाव्या कानाने मला ऐकू येत नाही, आणि उजव्या कानाला जे ऐकू येईल ते तुझ्या शेजारी बसून तोही ऐकेल.

होर्तेन्सिया

—

लुंका, १० मे

वन्सं,

तुमचं पत्र मी कोंबड्यांच्या खुराड्यात बसून वाचलं. दुसरीकडे कुठे हसले असते तर ह्यांनी विचारलं असतं.

पेटी पाठवतेय, पत्र पालकाच्या खाली आहे. उत्तर रिकाम्या पेटीत घाला, पेट्या मीच गोळा करते. आता नियम ऐका. तुम्हाला नियम आवडतात हे मला लग्नाच्या आधीपासून ठाऊक आहे. एक, जे शेतात येईल तेच पेटीत येईल. ‘मला हे नको, ते द्या’ चालत नाही. दोन, पीक भरभरून आलं तर सगळ्या बत्तीस घरांचं, बुडालं तरी बत्तीस घरांचं. वाटा म्हणजे दोन्हीतला वाटा. तीन, पेटी धुऊन परत करायची. तुम्ही ती उकळून परत कराल, पण नुसती धुतली तरी पुरे.

नावाचं मात्र काहीतरी करायला हवं. याद्या हेच लिहितात. तुमच्या खालच्या मजल्यावर त्या झेनोबियाबाई आहेत ना, ज्या सगळ्यांना ‘माझ्या सोन्या’ म्हणतात? त्यांच्या नावावर घालते. नंबर सात.

अर्थ मी काढलेला नाही. पण तुमच्या घरापासून तीनशे पावलांवर दुसऱ्या एका शेताची पेटी येते, तीही बिनफवाऱ्याची. हे तुम्हाला बहुधा माहीत नसावं.

तुमची रावेका

—

तिमिशोआरा, २४ मे

रावेका,

दुसऱ्या शेताचं मला माहीत आहे. त्यांचा टोमॅटो छापील आहे. माझा छापील गोष्टींवर विश्वास नाही.

झेनोबिया नाव द्यायला एका पायावर तयार झाली. बदल्यात तिला दर पेटीतला निम्मा मुळा हवाय. मी होकार दिला. मला मुळा पचत नाही, हे मी तिला सांगितलेलं नाही.

आता सभासद या नात्याने थोडं बोलते. हे वेगळ्या कागदावर झेनोबियाच्या अक्षरात लिहून घेतलंय, शेतावर दाखवायला हरकत नाही:

‘सभासद क्रमांक सात यांची तक्रार. तीन आठवडे तीन पेट्या आल्या, तिन्हींत नवलकोल. पहिला मी उकडला. दुसऱ्याचं सार केलं. तिसरा खिडकीत ठेवलाय, तो आता माझ्याकडे बघतो. चौथा आल्यास मी पोलिसांत जाईन. शिवाय पालकातून एक गोगलगाय निघाली. ती बत्तीस घरांत वाटायची होती की माझ्या एकटीच्या वाट्याची, याचा खुलासा व्हावा.’

पालक मात्र चांगला आहे. हे वाक्य त्याला दाखवायचं नाही.

होर्तेन्सिया

—

लुंका, १४ जून

वन्सं,

तक्रार मी जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचली. ह्यांचा घास घशात अडकला, मी पाठीवर थापट्या मारल्या. मग त्यांनी कागद माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचला, आणि खळ्यात नेऊन खिळ्याला टांगला. नंतरचीही टांगली, गाजराला दोन पाय आहेत म्हणजे ते आमच्या शेतातून पळून जायच्या बेतात असावं, असं तुम्ही लिहिलं होतं ती. आता दर गुरुवारी मी परतले की गाडीचं दार उघडायच्या आधी विचारतात, ‘सात नंबर काय म्हणते?’

वन्सं, तुम्हाला सांगायला हवं. गारांच्या वर्षानंतर हे इतके हसलेले मी पाहिले नव्हते. आणि तुमच्या पेटीत जी दर वेळी एक मूठ रानस्ट्रॉबेरी येते, ती बाकीच्या एकतीस पेट्यांत नसते. ती हेच घालतात. ‘या म्हाताऱ्या बाईचं तोंड जरा गोड होऊ दे,’ म्हणतात. काल म्हणाले, ‘हिची जीभ अगदी आमच्या ताईची आहे.’ मग उठून बाहेर गेले.

एक अडचण आहे. जुलैत मी तोरिनोला चालले. दाचियानाचे दिवस भरत आलेत, आणि जावई भला असला तरी बाळंतिणीला मकरोनी उकडून घालेल. दोन महिने तरी मी नसेन. गाडी हेच घेऊन येतील. तेव्हा पेटी घ्यायला तुम्ही स्वतः जाऊ नका. किंवा जा. मी काय सांगणार?

इटलीला माणसं आणि डबे घेऊन जाणारी मिनीबस दर शुक्रवारी तुमच्या स्टेशनासमोरून सुटते. ड्रायव्हर पत्रं नेतो, त्याला फक्त एक पाव द्यायचा.

रावेका

—

तिमिशोआरा, ५ जुलै

रावेका,

आज झेनोबियाला पाठवलं. मी समोरच्या चौकात, वर्तमानपत्राच्या दुकानामागे उभी होते. ऊन फार होतं म्हणून सावलीत उभी होते, असं समज.

त्रायानने केस कापायला हवेत. सदऱ्याचं वरचं बटण तुटलंय. तू दोन महिन्यांसाठी गेलीस आणि बटण पहिल्याच आठवड्यात तुटलं.

झेनोबिया त्याच्याजवळ गेली आणि म्हणाली, ‘माझ्या सोन्या, तू किती दमलास.’ त्याने यादीत बघितलं, तिच्याकडे बघितलं, परत यादीत बघितलं. मग जपून विचारलं, की नवलकोलाबद्दल त्या अजून रागावलेल्या आहेत का. ती म्हणाली, ‘अरे, नवलकोलाइतकं गोजिरवाणं काही असतं का?’ त्याने पेटी पुढे केली, परत मागे घेतली. शेवटी म्हणाला, की तुम्ही लिहिता एक आणि बोलता एक. झेनोबियाने त्याचा गाल कुरवाळला आणि सांगितलं, की लिहिताना तिला संधिवाताचा त्रास होतो, त्यामुळे तसं होत असेल.

मी अंगठा चावून हसू आवरलं. घरी येऊन पुढची चिठ्ठी लिहिली. नव्या पेटीत चेरी आल्या, सुरेख होत्या, म्हणून विचारलंय, की चेरी देता मग आलुबुखार का नाही? आपल्या भागात आलुबुखाराशिवाय शेत म्हणजे वाजंत्र्यांशिवाय लग्न. बघू काय उत्तर देतो. सहा वर्षांपूर्वी दिलं नव्हतं.

दाचियानाला सांग, आत्याने लोकरीचे मोजे पाठवलेत. तिकडे उकडतंय हे मला माहीत आहे. बाळ काही जन्मभर ऑगस्टमध्ये राहणार नाही.

होर्तेन्सिया

—

तोरिनो, १९ जुलै

वन्सं,

मोजे पोचले. दाचियानाने पोटावर ठेवून बघितले, आतून लाथ आली. बाळाला आत्तापासून तुमचा धाक दिसतोय.

तुम्ही तो प्रश्न विचारायला नको होता. खरंच नको होता. पण आता विचारलाच आहे, तर उत्तर येईल ते नीट वाचा. एवढंच म्हणते.

हे फोनवर फार बोलत नाहीत. टोमॅटो कसे आहेत विचारलं तर ‘लाल होतायत’ म्हणतात. यंदा झाडं माझ्या डोक्याच्या वर गेली होती. पहिला टोमॅटो पेटीत आला की मला त्याची चव लिहा. पुठ्ठ्याची आली तरी लिहा.

रावेका

—

लुंका, २६ जुलै

माननीय श्रीमती झेनोबिया,

आजच्या पेटीत दोन कांदे, एक नवलकोल आणि हे पत्र आहे. नवलकोलाबद्दल क्षमस्व. तो जमिनीलगत होता म्हणून वाचला.

मंगळवारी दुपारी इथे गारा पडल्या. दहा-बारा मिनिटं पडल्या असतील, अक्रोडाएवढ्या. टोमॅटो, मिरच्या, काकड्या, सलाड, सगळं जमिनीत ठेचलं गेलं. शेजारच्या गावात थेंबही नाही. चार वर्षांपूर्वीही असंच झालं होतं, पण तेव्हा निम्मं तरी हाती लागलं.

चांगल्या-वाईट दोन्हीतला वाटा, असं आम्ही मे महिन्यात सगळ्यांना सांगतो. मे महिन्यात ते सांगायला सोपं असतं. आता कुणाला त्या बोलण्यात धरून ठेवायची मला लाज वाटते. म्हणून बत्तीस घरांना कळवतोय, ज्यांना सोडायचं त्यांनी खुशाल सोडावं. रस्त्यापलीकडे मोठा मकेवाला आहे, तो दोन वर्षं आमची जमीन मागतोय. बहुतेक देऊन टाकीन. बायको मुलीच्या बाळंतपणाला गेली आहे, तिला यातलं काही माहीत नाही. ती तुमच्या पत्रांची चाहती आहे. तिला लिहिलंत तर कृपा करून हे लिहू नका, नाहीतर ती मुलीला तशीच टाकून येईल.

आता शेतात काही काम उरलेलं नाही, तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो. तुमच्या लिहिण्यावरून वाटतं, की तुम्हाला खरं उत्तर चालतं.

आमच्याकडे आलुबुखारची बाग होती, वडिलांची. मला एक मोठी बहीण आहे, तुमच्याच शहरात. वडिलांच्या सत्तरीला तिने पाच कलमं आणली होती. बाजारात सगळ्यांत महाग होती ती घेतली आणि गाडीत तीन तास मांडीवर धरून आणली, डहाळी मोडू नये म्हणून. वडील महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते. त्या कलमांतून रोग आला. पानांवर पिवळी कडी, फळावर देवीचे व्रण असावेत तसे खड्डे, आणि पिकायच्या आधी फळ गळतं. त्याला औषध नाही. आधी ती पाच झाडं गेली, काही वर्षांत सगळी बाग. गावातल्या बाकीच्या बागा वाचवायच्या तर आमची मुळासकट काढायला हवी होती. वडिलांनीच सांगितलं, अंथरुणावरून. म्हणाले, ‘होर्तेन्सियाला कळू देऊ नकोस. तिने जन्मभर तराजू हातात धरलाय. हे वजन ती खाली ठेवणार नाही.’

मी शब्द दिला. ती आली, गावासमोर नाही नाही ते बोलली, मी गप्प राहिलो. मला वाटलं, तिचा राग वर्षभरात ओसरेल. त्या हिवाळ्यात वडील गेले, आणि राग राहिला.

तेव्हा आलुबुखार नाहीत, श्रीमती. हे मी आजवर कुणाला लिहिलं नव्हतं. तुमची पत्रं वाचताना मला तिच्याशी बोलल्यासारखं वाटायचं. त्याबद्दल आभारी आहे.

आपला, त्रायान

—

तिमिशोआरा, २७ जुलै

प्रिय रावेका,

इकडे सगळं ठीक आहे. पेटी भरून आली. टोमॅटो छान होते, गोड. काकड्याही. फरसबी तर इतकी कोवळी, की मोडताना आवाज आला. त्रायान बरा आहे असं झेनोबिया म्हणाली.

मला जरा सर्दी झाली आहे, त्यामुळे अक्षर हललंय. डोळ्यांतून पाणी येतं. सर्दीचं.

तू दाचियानाकडे लक्ष दे. घाई करून येऊ नकोस.

तुझी होर्तेन्सिया

—

तोरिनो, ६ ऑगस्ट

वन्सं,

आधी गोड बातमी. शुक्रवारी सकाळी मुलगी झाली. तीन किलो दोनशे, डोक्यावर काळं जावळ, आणि आवाज असा, की परिचारिकेने खिडकी लावून घेतली. नाव इलिंका. बाळ-बाळंतीण सुखरूप. मीही सुखरूप आहे, तेव्हा आता मला काहीही ऐकायला चालेल.

म्हणून विचारते. तुम्ही मला ‘प्रिय’ लिहिलंत. लग्न होऊन एकतीस वर्षं झाली, तुम्ही मला कधी प्रिय लिहिलेलं नाही. एकाही भाजीला नावं ठेवली नाहीत. आणि ती कोवळी फरसबी. वन्सं, फरसबी आम्ही यंदा पेरलीच नाही. बी मागवायचं हे विसरले, त्यावरून मार्चमध्ये आमचं तीन दिवस भांडण चाललं होतं.

चाळीस वर्षं औषधं दिलीत, कधी चुकीची बाटली गेली नाही. आता खोटं द्यायची वेळ आली तर पहिलीच बाटली चुकली. खरं काय ते लिहा.

रावेका

—

लुंका, १३ ऑगस्ट

रावेका,

आधी इलिंकाला माझे आशीर्वाद. खिडकी लावावी लागली म्हणजे मुलगी आपल्या घरचीच आहे.

दुसरं, वर ठिकाण काय लिहिलंय ते परत वाच. उभी असशील तर आधी बस.

गारा पडल्या. चोवीस जुलैला. सगळं गेलं. त्रायानने ते झेनोबियाला कळवलं, आणि त्याबरोबर माझ्या प्रश्नाचं उत्तरही पाठवलं. त्यात काय होतं हे तुला माहीत आहे, असं मला आता वाटायला लागलंय. त्यावर नंतर बोलू.

पत्र मी ओट्याशी उभी राहून वाचलं. झेनोबिया कांदे वाटून घेत होती, एक तिला एक मला. मी वाचून झाल्यावर कागद तिच्याकडे दिला. तिने वाचला आणि पहिल्यांदाच मला सोन्या न म्हणता म्हणाली, ‘होर्तेन्सिया, शनिवारची पहिली बस सहा चाळीसला आहे.’

वाटेत मी वाक्य तयार केलं होतं. चांगलं लांबलचक, त्यात ‘क्षमा’ दोनदा येत होतं. पोचले तर तो टोमॅटोच्या रांगेत खांबांवरची सुतळी सोडत होता. झाडं चिखलात, हिरवे टोमॅटो फुटलेले, वर माश्या. पाठमोरा होता. सदऱ्याला अजून बटण नव्हतं. वाक्य सगळं गेलं. तोंडातून आलं ते असं, ‘सुतळी अशी सोडवतात का? वरून धर.’

तो वळला. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या बुटांकडे. शहरी बूट होते. मी म्हटलं, ‘सात नंबर मी आहे.’

‘मग ती गोड बाई?’

‘ती फक्त पेटी न्यायला येते.’

त्याने हातातली सुतळी गुंडाळून खिशात घातली. मग म्हणाला, ‘म्हणजे तू वाचलंस.’

‘वाचलं.’

‘बाबांनी सांगू नको म्हटलं होतं.’

‘मला सांगू नको म्हटलं होतं. तू झेनोबियाला सांगितलंस. तू शब्द मोडलेला नाहीस.’

तेव्हा तो उलट्या पेटीवर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी पुढची सुतळी सोडवायला घेतली. कुणाला रडताना बघत उभं राहणं मला जमत नाही, तुला ठाऊक आहे. दुपारपर्यंत आम्ही दोन रांगा साफ केल्या. तिसरीच्या मध्यावर मी खाली मान घालून म्हटलं, ‘मी तुला गावासमोर बापाचा मारेकरी म्हटलं होतं.’

तो म्हणाला, ‘हो.’

‘तू तेव्हा एक मुस्कटात द्यायला हवी होतीस.’

‘तू मोठी आहेस ना, ताई.’

मग मी म्हटलं, की चुकलं माझं. एवढंच म्हटलं. लांबलचक वाक्य परत आठवलंच नाही. तो म्हणाला, ‘बादली दे.’ मी दिली.

संध्याकाळी एकटीच बाबांच्या थडग्याशी जाऊन आले. कबरीवर गवत वाढलं होतं ते काढलं. बोलले काही नाही. सहा वर्षं पुष्कळ बोलून झालं होतं. कलमं मी आणली होती हे आता मला माहीत आहे, आणि ते हलकं नाही. बाबा म्हणाले तसं मी ते खाली ठेवणार नाही बहुतेक. पण एकट्या त्रायानने ते धरून ठेवावं, हेही बरोबर नव्हतं. आता दोघांनी धरलंय.

पुढच्या गुरुवारी मी गाडीत त्याच्या शेजारी बसून शहरात गेले. त्याने चौकात गाडी लावली आणि आतच बसून राहिला, लोकांसमोर यायला लाजत होता. मग मी उतरले. माणसं रिकाम्या पिशव्या घेऊन उभी होती. मी भाषण केलं नाही. म्हटलं, मीही वाटेकरी आहे, मे महिन्यात नियम मलाही सांगितला होता, तेव्हा मी मान डोलावली होती. आता मान काढून घ्यायची असेल तर यादी इथे आहे, नावापुढे काट मारा. पेन मी हातात धरलं होतं. चौघांनी काट मारली. एकाच्या घरी खरंच अडचण होती, बाकी तिघांची तोंडं मी लक्षात ठेवली आहेत. अठ्ठावीस राहिले.

त्या शनिवारी त्यांच्यातले एकोणीस जण इथे आले. मुळा, पालक, शलगम आणि थंडीतलं सलाड अजून पेरता येतं, असं त्रायान म्हणाला. एक दाताचे डॉक्टर होते, त्यांनी मुळ्याची ओळ अशी सरळ पेरली, की बाकीच्यांच्या ओळी वाकड्या दिसायला लागल्या. एका बाईने सगळ्यांसाठी मक्याच्या पिठाची कढईभर मामालिगा केली. झेनोबिया सावलीत खुर्ची टाकून बसली होती. तिने दिवसभर एकही बी पेरलं नाही, पण प्रत्येकाला सांगितलं, की तुझ्याइतकं सुंदर कुणी पेरत नाही. माणसं त्या जोरावर सूर्य बुडेपर्यंत वाकली.

पाचव्या दिवशी मुळा उगवला. त्रायानने मला बोलवायला माणूस पाठवला नाही, स्वतः धावत आला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पायात एकच बूट. मकेवाल्याला त्याने त्याच दुपारी नाही म्हणून कळवलं.

पेट्या हलक्या जातात. गेल्या गुरुवारी तर गारांतून वाचलेला दोन मुठी पालक आणि माझी माफीची चिठ्ठी एवढंच होतं. चिठ्ठी मी सगळ्यांना लिहिते, अठ्ठावीस वेळा. लोकांना पालकापेक्षा चिठ्ठी आवडते असं दिसतंय. याचा अर्थ पालकात सुधारणा हवी.

मी दाचियानाच्या खोलीत राहतेय. तुझ्या स्वयंपाकघरातले डबे मी नीट लावलेत. आल्यावर तुला काही सापडणार नाही.

होर्तेन्सिया

—

तोरिनो, २५ ऑगस्ट

वन्सं,

तुमचं पत्र मी दाचियानाला वाचून दाखवलं. तिला रडू आलं, तिचं बघून इलिंका रडली, जावई धावत आला आणि कुणाला काय झालं ते कुणालाच सांगता येईना.

आता माझं ऐका. हो, मला माहीत होतं. मामंजींनी ह्यांना सांगितलं तेव्हा मी बाजूलाच त्यांची उशी बदलत होते. त्यांनी माझ्याकडूनही शब्द घेतला. तुम्ही त्या दिवशी अंगणात उभ्या राहून ओरडत होतात, तेव्हा मी आत पिठात हात घालून उभी होते. बाहेर येऊन एक वाक्य बोलले असते तर सहा वर्षं वाचली असती. नाही आले. आधी वाटलं, शब्द दिलाय. नंतर वाटलं, आता उशीर झाला. मे महिन्यात तुमचं पत्र आलं तेव्हा मी हसले असं लिहिलं होतं ना, ते निम्मंच खरं आहे. खुराड्यात मी आधी रडले, मग हसले.

ह्यांना तुम्ही माफ करायची गरज नव्हती. मला आहे. कराल का?

सहा सप्टेंबरच्या मिनीबसने निघतेय. सातला दुपारी तिमिशोआराला पोचेन. ह्यांना सांगा, की मी स्टेशनावरून लुंकाची बस पकडेन, काम सोडून येऊ नका.

रावेका

—

लुंका, १ सप्टेंबर

रावेका,

पत्र काल मिळालं. दोन वेळा वाचलं, मग पालक निवडायला बसले. माफीचा विचार करायला पालक बरा.

तू शब्द पाळलास, त्रायानने शब्द पाळला, बाबांनी मला जपलं. सगळे माझ्याशी इतकं चांगलं वागलात, की मी सहा वर्षं एकटी राहिले. यापुढे या घरात कुणीही मला जपायचं नाही. वाईट बातमी असली तर तोंडावर सांगायची, त्याच दिवशी. हा नियम तू पाळशील तर माफी. नियम मला आवडतात, हे तुला लग्नाच्या आधीपासून ठाऊक आहे.

बस पकडायची काही गरज नाही. सातला दुपारी आम्ही दोघंही तुला घ्यायला येतोय. गाडी त्रायान चालवेल, आणि कशी चालवायची ते मी त्याला सांगेन.

प्रिय रावेकाला,

होर्तेन्सिया